वानरांच्या कपाळी विभूती

आमच्या बागेतली सीताफळं पिकली की नाही, हे मला दरवर्षी वानरांच्या तोंडाकडे बघून कळतं.

बीडकडच्या पालीजवळ, धरणाच्या अंगाला आमचा डोंगरउताराचा तुकडा आहे. तिथली सीताफळाची झाडं मी लावली, पाणी मी घातलं, आणि फळं खाल्ली ती वानरांच्या टोळीने. मी पडलो कापड दुकानदार. माझं ‘हाऽड! हुर्रऽऽ!’ ऐकून ती वानरं माझ्याकडे अशी बघायची, की जणू ती गिऱ्हाईक आहेत आणि मी त्यांना नको तो रंग दाखवतोय.

यंदा मात्र मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, निर्वाणीचं सांगितलं.

“अवं, ह्या साली एक टोपलं जरी घरात आलं न्हाई, तर बाग माह्या भावाला बटईनं, अर्ध्या वाट्यानं देते. शिवा कसा राखतो ते बघा मंग!”

शिवा म्हणजे माझा मेहुणा. गेवराईला असतो. मी काहीही केलं की, “दाजी, आसं ऱ्हातंय व्हय?” एवढंच विचारतो आणि बहिणीकडे बघून हसतो. त्याने माझ्या बागेत बटईदार म्हणून फिरायचं आणि मी बांधावरून बघायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रायफल करायला टाकली!

(घाबरू नका. चिंचोके मारणारी.) बीडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ती खास माझ्या मापाने बनवून घेतली, सदरा शिवून घ्यावा तशी. एक नळी, एक स्प्रिंग, आत सरकणारा दट्ट्या आणि वर चिंचोक्यांचा डबा. घोडा ओढला की एक चिंचोका सुटणार, आणि दुसरा आपोआप खाली येऊन बसणार. म्हणजे चक्क सेमी-ऑटोमॅटिक! वानराला इजा करायची नव्हती, नुसता त्याचा अपमान करायचा होता.

पण आठवडा होत नाही तोच दट्ट्या नळीला घासायला लागला. ‘खर्रर्र’ असा आवाज व्हायचा, पाठोपाठ लोखंडाचा कीस पडायचा, आणि मग वेळ मिळाला तर चिंचोका बाहेर यायचा. मी दुकानातलं शिलाई मशीनचं तेल सोडलं. झालं! शेतातली सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसली, तिची आत खळ झाली आणि दट्ट्या दुप्पट वेगाने झिजू लागला. मग मोबाइलवर एका जाणकाराचा व्हिडिओ बघितला. तो म्हणाला, धुळीच्या जागी तेल चालत नाही, कोरडी भुकटी लावा, कॅरमवर टाकतात तसली. एकदम बारीक. झीज थांबते म्हणजे थांबतेच!

आता आमच्या घरात कॅरम कुठला? पण पांढरी, कोरडी, बारीक भुकटी शैवाच्या घरात शोधावी लागते का? आईने कपिलधारच्या यात्रेतून आणलेल्या विभूतीच्या गोळ्यांनी देवघरातला डबा गच्च भरलेला होता. मी दोन गोळ्या घेतल्या. मग आणखी दोन. मग म्हटलं, डबाच घेऊ. सगळ्या कुटल्या, दुकानातल्या उत्तम मलमलीतून गाळल्या आणि रायफलीला वरपासून खालपर्यंत विभूती फासली. दट्ट्याला, स्प्रिंगला, घोड्याला, आणि दट्ट्या अडवून धरणाऱ्या त्या छोट्या खटक्यालासुद्धा. उरलेली नळीत ओतली. काय गुळगुळीत चालली म्हणून सांगू! मला माझाच अभिमान वाटला.

रविवारी आईसकट सगळ्यांना बागेत बोलावलं. शिवा खास गेवराईहून आला, आणि आल्या आल्या झाडं मोजायला लागला.

“दाजी, ही पिचकारी काहून आणली?”

“पिचकारी न्हाई. सेमी-ऑटोमॅटिक हाय.”

वानरं समोरच्या झाडांवर नाश्त्याला बसली होती. मी नेम धरला. घोड्याला बोट लावायच्या आतच ‘फुस्स!’ झालं. नळीतून पांढरा ढग निघाला आणि चिंचोका माझ्या चपलेवर पडला. पाठोपाठ फुस्स! फुस्स! फुस्स! मी काहीच करत नव्हतो, रायफलच सगळं करत होती! आता काय करावं, हे विचारायला मी घरच्यांकडे वळलो. (रायफलीसकट. हे चुकलंच.) शिवाच्या काळ्या मिशा एका क्षणात म्हाताऱ्या झाल्या. मंगल पदर तोंडावर घेऊन झाडामागे पळाली.

“दाजी, बंद करा!”

“बंदच हाय!”

“मंग चालू करा!”

मी घाबरून परत झाडांकडे वळलो. तोवर ही काय गंमत आहे म्हणून वानरं पार खालच्या फांद्यांवर येऊन बसली होती. उरलासुरला ढग त्यांनी ओळीने तोंडावर घेतला. मग चिंचोके संपले.

“हिला काय लावलंव तुमी?” शिवाने शिंकत विचारलं.

“झीज व्हऊ न्हाई म्हणून भुकटी लावली जरा.”

“खटक्याला बी? तेनंच तर धरून ठिवायचं आस्तंय! गाडीच्या ब्रेकला बी तेल लावताव काय?”

एवढ्यात आईने स्वतःच्या पदरावरची भुकटी चिमटीत घेतली, हुंगली आणि म्हणाली, “आरं, ही तर विभूती हाय!”

मी रायफल पाठीमागे लपवली. लेकरंबाळं असलेल्या माणसाला आईच्या हातचा मार किती लागतो, याचा मी अंदाज करत होतो. पण आई माझ्याकडे बघतच नव्हती. समोरच्या फांद्यांवर काळ्याभोर तोंडांची वानरं, कपाळं पांढरीशुभ्र करून, डोळे मिटून ओळीने बसली होती. (नाकात भुकटी गेल्यावर कुणीही डोळे मिटतं.) आईने चपला काढल्या आणि हात जोडले.

“देवाची लेकरं ही! आन् तू ह्यान्ला हाकलायलास? विभूती लागलेल्या कपाळावर कुणी ढेकूळ बी उचलायचं न्हाई. सांगून ठिवते!”

शिवाने बहिणीकडे बघत मिशा झटकल्या. “अक्का, ही बाग मला नगं बरं का. हितं राखायचं न्हाई, वानरान्ला वाढायचं हाय.”

म्हणजे मी जिंकलो! बाग माझीच राहिली. वानरांच्या कपाळावरची विभूती त्याच दिवशी पुसली गेली, पण आईच्या नजरेसमोरून ती काही पुसली जाईना. ती रोज जायची आणि डोळे उघडलेली, पिकायला आलेली फळं निवडून खालच्या फांद्यांवर ठेवून यायची.

परवा झाडं रिकामी झाली. आई म्हणाली, “आज लेकरं उपाशी गेली रं.” म्हणून मी बीडच्या बाजारात जाऊन टोपलंभर सीताफळं विकत आणली. मंगलची अट अखेर पुरी झाली, टोपलं घरात आलं! वाटेत वास सुटला होता, म्हणून मी त्यातलं एक हळूच उचललं. आईने माझ्या हातावर चापट मारली.

“आधी कपाळाला विभूती लाव. त्याबिगर कुणालाच मिळत न्हाई.”

आणि घरात तर आता चिमूटभरही उरलेली नाही.