बर्फातल्या जहाजाचं शीड

आखातातल्या अख्ख्या हूरा मोहल्ल्यात माझ्यासारखा टेलर नाही, असं मी सांगत फिरायचो. फिरायला वेळ भरपूर होता, कारण एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नसे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दुकान अरबाबचं, म्हणजे अरब मालकाचं, व्हिसा अरबाबचा, फक्त चुका माझ्या. अरब लोक घालतात तो लांब पांढरा तोब मी शिवायचो. पण माझ्या हातचा तोब पोटावर फुगायचाच. काडीसारखा माणूसही दुकानातून जेवून निघाल्यासारखा दिसायचा. शेवटी अरबाब म्हणाला, "ये महिना खलास, व्हिसा खलास. तुम रत्नागिरी." आणि बायकोला तर मी कळवलेलं, मालक माझ्याशिवाय पाणी पीत नाही म्हणून!

त्याच आठवड्यात बंदरात एक म्हातारं शिडाचं जहाज लागलं. माझ्या खोलीतला गाववाला बंदरावर क्लार्क होता. तो सांगायला लागला, "अरे, हे लाकडी जहाज एके काळी जगाच्या पार बुडाशी गेलेलं, दक्षिण ध्रुवाकडे. तिथला मुलूख शोधायला. हिवाळाभर बर्फात अडकलं, पण फुटलं नाही. आता देशोदेशी फिरवून लोकांना दाखवतात. येताना मोठं शीड फाटलंय आणि शिवणारा कोणी मिळत नाही."

"मी आहे ना!"

"म्हणून तर म्हणतोय, कोणी मिळत नाही."

तरी घेऊन गेला बिचारा. बर्फातलं जहाज, म्हणजे आत गारवा असेल असं मला वाटलं. डेकवर बसलो आणि चटका बसून तसाच उठलो. मग सवयीने टेप काढला.

"डोलकाठीची कंबर मोजतोस काय?" गाववाला खेकसला.

शीड आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पसरलं. त्यासाठी लोकांचे वाळत घातलेले कपडे काढले, शिव्या खाल्ल्या. मशीनची सुई पहिल्याच टाक्याला तुटली. मग पोती शिवायचं दाभण घेतलं, दोऱ्याला मेण लावलं आणि फाटके पट्टे काढून नवे जोडत बसलो. बोटं सोलली. जन्मात पहिल्यांदा ठरवलेलं, कुठे फुगा येऊ द्यायचा नाही. सगळं झाल्यावर उचलून बघतो, तर मधोमध हे एवढं पोट!

कप्तान शीड तपासायला जहाज जरा समुद्रात घेऊन गेला. आम्हालाही वर घेतलं, बिल दुकानाच्या नावावर म्हणून अरबाबसकट. मी गाववाल्याच्या मागे लपलो. म्हटलं, आता हे जहाज मला परस्पर रत्नागिरीलाच सोडणार.

शीड वर चढलं. आधी नुसतंच फडफडलं. मग वारा आला आणि असं टम्म फुगलं की जहाज हिसका देऊन पुढं निघालं! कप्तान माझ्याकडे बोट दाखवून ओरडायला लागला. मी गाववाल्याला कोपराने ढोसलं.

"काय म्हणतो?"

गाववाल्याचा आ वासलेला. "म्हणतो, पोट झकास काढलंय. सपाट शिडात वारा भरत नाही."

खलाशांनी माझ्यासाठी जहाजाची घंटा वाजवली. मी डेकवर नाचलो. जे जहाज बर्फाला मोडलं नाही, ते माझ्या हातूनही वाचलं होतं!

अरबाबने पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली. "व्हिसा रिन्यू."

माझी छाती वर आली. म्हटलं, "अरबाब, अब आपका ईद का तोब मैं सिलेगा!"

तो दोन पावलं मागे सरला. "तोब मफी, बिलकुल नहीं! कल से तुम सिर्फ तंबू सिलाई करेगा. आदमी का कपडा खलास."