टीव्हीला पाहिजे तसला बाप

"शर्ट काढा बाबा. बनियनवर बसा. फाटकं बनियन असेल ना?"

माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर बसून टीव्हीवाला साहेब मला म्हणला. वयानं माझ्या थोरल्या पोरापरीस लहान. बाहेर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली. त्याच्या माणसांनी कूलर उचलून बाहेर नेला. भिंतीवरचा पंचशील झेंडा उतरवला. म्हणले, गरिबी नीट दिसली पाहिजे, आणि वाद नको.

माझं शेंडेफळ, सुजाता, मुंबईला गाण्याच्या स्पर्धेत होती. टीव्हीवर दर हप्त्याला थोडी जास्तच गोरी दिसायची. तिचा फोन त्यांनी काढून घेतलेला, तिला इचारायची सोय न्हाई. म्हणून मी बनियनवर बसलो. पाटलाच्या दारात कधी चप्पल न काढलेला मी.

मग साहेबानं कागद वाचला. मी चौथीतनं निघालेला माणूस, म्हणून दोनदा वाचला. मला एवढंच म्हणायचं होतं: "बाईच्या जातीनं चारचौघांत गाऊ नये, म्हणून मी तिचं गाणं बंद केलं." हे दाखवलं की पोरगी स्टेजवर रडणार. मग तिथं परीक्षक असलेला मोठा नट तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणणार, आजपासून मी तुझा बाप.

मी म्हणलं, हे खोटं हाय. उदगीरच्या स्पर्धेला तिला मीच सायकलवर नेलं.

"बाबा, स्टोरी नसली तर मुलगी टिकत नाही."

लई गोड हसून बोलला. त्या हसण्याचं भ्या वाटलं मला.

सुजाताची माय चुलीपाशी बसलेली. तिला कुणी काही इचारलंच न्हाई. ती तिथूनच म्हणली, "म्हणा की. पोरीच्या बाबतीत खोटं हाय. माझ्या बाबतीत खरं हाय."

लातूर जिल्हा नवा झाला तव्हाची गोष्ट. असाच दुष्काळ. आम्ही दोघं रोजगार हमीवर खडी फोडायचो. ती गायची, बाकीच्या बायांचे हातोडे त्या गाण्यावर पडायचे. नांदेडचा एक ऑर्केस्ट्रावाला ते ऐकून घरी आला. बाईला स्टेजवर पाठवा म्हणला. मी त्याला हाकललं. "माझ्या बायकूला लोकायनी तिकीट काढून बघायचं काय?" हेच माझे शब्द. तिला इचारलं न्हाई. पुढं जन्मभर ते इज्जत म्हणून सांगत फिरलो.

पोरगी गाणं कुणापाशी शिकली ते टीव्हीवाले आले त्या दिवशी मायच्या तोंडून कळलं. मी कामाला गेलो की माय गायची. माझी पावलं वाजली की चूप.

मी शर्ट घातला. साहेबाला म्हणलं, लाव कॅमेरा. हिचं गाणं मी मारलं, ते सांगतो. हिला इथं मधी बसव.

"काकूंना कोण बघणार, बाबा? वय बघा त्यांचं."

"मग उठ माझ्या घरातनं."

ते गेले. पण मी बनियनवर बसून रागानं बघत होतो, ते तोंड त्यांनी आधीच कॅमेऱ्यात भरून घेतलेलं. ऐतवारी अख्ख्या गावानं बघितलं. तोंड माझं, वर आवाज दुसऱ्याचा. बाईच्या जातीनं गाऊ नये. सुजाता रडली. खरं रडली का, मला बापाला कळलं न्हाई. नटानं हात ठेवला. टाळ्या.

सकाळी शेजारी म्हणला, "पोरीला नवा बाप भेटला की तात्या. आता तुमी रिकामेच."

मी म्हणलं, टीव्हीवरचं खोटं हाय. खरं त्याहून वाईट हाय. आणि त्याला सगळं सांगितलं. आता जो इचारील त्याला सांगतो. सुजाताच्या मायनं मला माफ केलेलं न्हाई. मी मागितली बी न्हाई. माफी मागून हे मिटवायचं न्हाई मला.

परवा मुंबईला निघालोय. येती का म्हणून तिला इचारलं. येते म्हणली, दुसरं काही न्हाई. सुजातानं तिथं राहावं का परत यावं, ते सुजाता ठरवील. पण त्या नटाला मी तोंडावर सांगणार हाय: पोरीला गाणं तू दिलं न्हाई, मी दिलं न्हाई, ह्या बाईनं दिलं. दारात अडवलं तर दारात बसू. कॅमेरा लावला तर आधी ती बोलल. तिला बोलायचं नसलं तर तिच्याबद्दल कुणीच बोलणार न्हाई. मी बी न्हाई.