घाटगे सरांचं ‘न्हाय’

घाटगे सर वर्गात आले की खडू उचलण्याआधी मागच्या बाकांकडे बघत आणि म्हणत, “कुणाला काय येतंय असं दिसत न्हाय. म्हंजे येत न्हाय.” कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, दिवसाची सुरुवात या वाक्याने होई.

माझा निकाल तर पहिल्याच तासाला लागला. मी इचलकरंजीची, यंत्रमागावर काम करणाऱ्या आप्पांची मुलगी, मराठी शाळेतली, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. सरांनी इंग्रजीत काही विचारलं, मी प्रश्न पुन्हा सांगा म्हटलं. “मागाच्या खटखटाटात वाढलीस न्हवं? तर्क ऐकू येणार कुठनं!” वर्ग हसला. त्याआधी सर हसले होते. स्वतःच्या विनोदाला ते कुणाची वाट बघत नसत.

ते आन्सर सेट प्रोग्रॅमिंग शिकवत, म्हणजे जुन्या नोट्स मोठ्याने वाचत. प्रोग्रॅम चालवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मी तो विषय लॅबमध्ये चुका करत शिकले. त्यात उत्तर कसं काढायचं ते कॉम्प्युटरला सांगायचं नसतं. काय चालतं आणि काय चालत नाही, एवढे नियम लिहायचे. त्यांत बसणाऱ्या मांडण्या तो शोधून देतो. एखादी गोष्ट आहे असं कळलं नसेल, तर ती नाही असं धरायला त्याला सांगता येतं. मात्र नवी माहिती आली की तो आपलं ‘नाही’ मागे घेतो. सरांनी यातला पहिला अर्धा भाग आयुष्यभर माणसांवर वापरला. दुसऱ्या अर्ध्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

माझा प्रोजेक्ट होता पेठांच्या फुटबॉल स्पर्धेचं वेळापत्रक. हाडवैर असलेले संघ एका दिवशी खेळवायचे नाहीत. मैदान अडल्याचं माहीत नसेल, तर ते मोकळं धरायचं. सर फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतले, त्यामुळे बघायला आले. एका रविवारी मैदान अडल्याचं मी लिहिलं आणि सामने सरकले.

“सकाळी एक उत्तर, दुपारी दुसरं? बिघडलंय हे!”

“सर, माहिती बदलली म्हणून...”

“मला शिकवतीस व्हय? एका शब्दावर ऱ्हाणारं करून आण. असलं परीक्षकापुढं न्हेलंस तर नापास करतो की न्हाय बघ!”

पुण्यात ठरलेली नोकरी माझ्या पास होण्यावर अडली होती. घाबरले, एसटीत रडलेही. पण चांगला चालणारा प्रोग्रॅम सरांच्या समजुतीसाठी मोडायला हात धजेना. सरांनी बिघडलेला ठरवलेला तोच प्रोग्रॅम मी तोंडी परीक्षेला नेला.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, “आणि मैदानात पाणी साचलं तर?” मी एक ओळ लिहिली. वेळापत्रक नव्याने लागलं. बाई “छान” म्हणतात न म्हणतात तोच मागून सरांचा आवाज आला, “मीच सांगितलंतं की तिला! उत्तर बदलाय पायजे म्हणून!” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी पास झाले, नोकरीला लागले. आता सर निवृत्त होत आहेत, आणि निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्या ऋणाबद्दल बोलावं असा फोन आला. ऋण मानायला मला कुणी शिकवावं लागत नाही. पाळीवर पाळी करून फी भरणारे आप्पा, एसटीत जागा धरणाऱ्या मैत्रिणी, माझं काम संपेपर्यंत लॅब उघडी ठेवणारे शिपाईमामा, या सगळ्यांबद्दल मी न थकता बोलेन.

सरांसाठी मी खूप शोधलं. त्यांचं काही ऋण असल्याचं दिसत नाही. म्हणजे नाही. उद्या काही कळलं, तर मागे घेईन.