दारामागचा इस्त्रीचा टेबल

सुती कपड्यावर पाणी शिंपडून गरम इस्त्री टेकवली की जो वास उठतो, तो आला की मला चिमूरचं ते दुकान आठवतं. मी नर्स म्हणून नुकतीच लागले होते आणि आईला घरासाठी चांगली इस्त्री घेऊन द्यायची होती. रोवण्याचे दिवस होते, तिच्या नखांत धानाच्या बांधीतला चिखल तसाच होता. दुकानदारानं हलकी इस्त्री दाखवली, ती आईनं हातात तोलून परत ठेवली. "वजनदार दे, भाऊ. चुण्या इस्त्रीच्या वजनानं मोडल्या पाहिजे, माह्या हाताच्या जोरानं नाई." मग मी इस्त्रीचा उंच टेबल पसंत केला. "आता खाली बसून नको करू, उभ्यानं कर," म्हटलं. ती थकल्या आवाजात म्हणाली, "दिवस तं बांधीत पायावरच जाते, बाई. इस्त्रीच्या निमित्तानं घडीभर बसाले भेटते, तेई काऊन काढून घेऊन राह्यली?" मला तो हट्ट वाटला. मी टेबल घेतलाच. घरी आल्यावर तिनं तो मिटून दारामागं उभा केला आणि जमिनीवर चादर अंथरून बसली. आज वॉर्डातून दिवसभराची उभ्याची ड्युटी करून आले, उद्याचा युनिफॉर्म काढला, दारामागच्या त्या टेबलाकडं एकदा पाहिलं आणि खाली चादर अंथरली.