बेलिफाचा झेंडू

माणूस तसा वाईट नव्हता. आवाज चढवत नसे, कुणाला शिवी देत नसे, कुणाचा चहासुद्धा घेत नसे. कोर्टाचा हुकूम दाखवायचा, हमालांना मान हलवून खूण करायची, सामान रस्त्यावर, दाराला नवं कुलूप, आणि दुपारी घरी येऊन पोटभर जेवण. "काढणारे आपण कोण? कोर्ट काढतं," असं बेलिफ म्हणत, आणि त्यांना ते मनापासून वाटतही असे. तरी त्यांच्या दारावरून जाताना गल्लीतली माणसं उगीचच झपाझप पावलं टाकत.

निवृत्तीनंतर पंधरवड्यातच बायकोने त्यांना घरामागचं अंगण बहाल केलं. सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून 'हा डबा इथे का, ती बरणी तिथे का' असं चाललं होतं.

"माझ्या घराची जप्ती करायची असेल तर हुकूम आणा," ती म्हणाली. "नाहीतर मागे जा आणि काहीतरी लावा."

बेलिफ मागे गेले. दोरी धरून वाफे आखले, माती भुसभुशीत केली आणि झेंडूची रोपं लावली. अशी सरळ रांग की कोर्टाबाहेर माणसंही कधी तशी उभी राहिली नसतील.

मग झड लागली. पाऊस मोठा नव्हता, पण थांबायचं नाव घेईना. दोरीवरचे कपडे वाळेनात, मिठाला पाणी सुटलं, भिंतीवर शेवाळ चढलं. एका सकाळी बेलिफ मागे गेले तर रांगेच्या जागी नुसत्या काड्या. मातीवर चकचकीत, चिकट रेघा उमटलेल्या. रेघेमागे रेघ धरत ते एका विटेपाशी पोचले. वीट उचलली, तर खाली बोटभर लांब, तपकिरी, लिबलिबीत काहीतरी निवांत पसरलेलं.

"गोगलगाय आहे ती," बायको खिडकीतून म्हणाली.

"हिच्या पाठीवर शंख कुठंय?"

"ही बिनघराची जात. मीठ टाका, मरेल."

बेलिफांनी मूठभर मीठ टाकलं. पुढे जे झालं ते त्यांनी उभं राहून पाहिलं, कारण काम पुरं झाल्याशिवाय जागा सोडायची त्यांची सवय नव्हती. गोगलगाय आक्रसली, वळवळली, तिला फेस आला. बराच वेळ येत राहिला.

दुपारी ताटावर बसले तर घास उतरेना.

"का हो, भाजी अळणी झाली का?"

"नाही. मीठ आहे बरोबर." त्यांनी ताट सरकवलं.

बायको ताट उचलत म्हणाली, "नवल आहे. बाळंतिणीची खाट बाहेर काढून आलात, त्या दिवशी दोनदा भाजी घेतली होती."

बेलिफ हात धुवायला उठले. पण मिठाची बरणी पुन्हा अंगणात गेली नाही.

नंतर राख टाकून झाली, ती पावसाने वाहून गेली. अंड्यांची टरफलं चुरून पसरली, त्यावरून गोगलगायी गालिच्यावरून याव्यात तशा आल्या. शेवटी त्यांना एक युक्ती साधली. संध्याकाळी वाफ्यात जुनी फळी टाकून ठेवायची. सकाळी सगळी मंडळी तिच्या खाली गोळा. मग जुने हातमोजे घालून एकेक उचलून झाकणाच्या डब्यात ठेवायची, डबा छत्रीखाली धरायचा आणि नाल्यापलीकडच्या ओसाड जागेत सोडून यायची. आयुष्यभराचं काम, फक्त हमाल नव्हते.

दुसऱ्या दिवशी फळीखाली तितक्याच.

"परत येत असतील त्या," बायको म्हणाली.

"छे. दुसऱ्या आहेत."

"चेहरे ओळखता वाटतं?"

झेंडू संपला होता, म्हणून ते शनिवारी बाजारात गेले. कोपऱ्यावर ताडपत्रीखाली एक बाई रोपं विकत बसायची. पन्नाशीची, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. पहिली रोपंही बेलिफांनी तिच्याकडूनच नेली होती. या वेळी पुडी बांधता बांधता ती म्हणाली, "साहेब, ओळखलं नाहीत मला."

बेलिफांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही, बाई."

"गिरणीमागची गल्ली. वरचा मजला. असाच पाऊस होता."

बेलिफांचे डोळे बारीक झाले. "लोखंडी पलंग. शिवणाचं मशीन. लाकडी कपाट, त्याचा आरसा तडकलेला."

"तडकलेला नव्हता," ती म्हणाली. "जिन्यात तडकला. तुमच्या माणसाच्या हातून."

ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. बेलिफ "हं" म्हणाले. त्या "हं"च्या पुढे काय म्हणतात ते त्यांना नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

"झेंडूच देऊ ना अजून?" तिने विचारलं. "मस्त येतो या हवेत."

"द्या."

तेव्हापासून दर शनिवारी बेलिफ झेंडू आणत, लावत, आणि मंगळवारपर्यंत त्याच्या काड्या होत. गोगलगायी अंगठ्याएवढ्या जाड झाल्या. मग एकदा बायकोची धाकटी बहीण राहायला आली. तिच्याकडे मोठी बाग होती. तिने वाफा पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अगं ताई, झेंडू म्हणजे गोगलगायींचं पक्वान्न. भाओजींनी खानावळ काढलीय की काय?"

बहीण गेल्यावर बायकोने नवऱ्याला समोर बसवलं. "ती रोपवाली तुम्हाला मुद्दाम गंडवतेय."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या शनिवारपासून. तिच्या झेंडूच्या ट्रेभोवती गोगलगायींना अडवायला चुन्याची रेघ असते. बाकी कशाभोवती नसते."

"मग आणता कशाला?"

बेलिफांनी छत्री झटकून कोपऱ्यात उभी केली. "रोपं चांगली असतात तिची," ते म्हणाले.

बायकोला यावर बोलण्यासारखं बरंच होतं. एरवी तिने त्यातलं काही शिल्लक ठेवलं नसतं. त्या दिवशी ती चहा टाकायला उठून गेली.

पाऊस ओसरत आला तेव्हाची गोष्ट. बेलिफ नेहमीसारखे ताडपत्रीपाशी उभे राहिले. रोपवालीने झेंडूला हात न लावता मागून एक कुंडी काढली. जाड, लवदार पानांचं जिरेनियम.

"हे न्या. याला त्या तोंड लावत नाहीत."

बेलिफांनी कुंडी घेतली, उलटसुलट पाहिली. "आणि झेंडू?"

"झेंडू कशाला आता?"

"द्या की. नेहमीएवढा."

तिने झेंडूचा ट्रे पुढे ओढला. मग मान खाली घालून तिने पुडी बांधली, आणि बांधताना तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही, हे बेलिफांना सांगता आलं नसतं.

जिरेनियमने जीव धरला, पानं फुटली, लाल फुलांचा गुच्छ आला. शेजारचे लोक कुंपणापाशी थांबून बघू लागले, दोघाचौघांनी तर लावायला काडीही मागून नेली. पलीकडच्या वाफ्यात झेंडूच्या काड्याच काड्या.

"अख्खं अंगण जिरेनियमचं केलं असतं तर केवढी शोभा आली असती," बायको म्हणाली.

"आली असती," बेलिफ म्हणाले, आणि फळी सरळ करायला खाली वाकले.