चुकलेल्या घरातला चहा

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका मोबाइलवर एकच जुना विनोदी मूकपट पुन्हा पुन्हा बघतात. त्यात दोन नवरे चुकून एकमेकांच्या घरात शिरतात आणि दोन्ही बायकांचा मार खातात. जिन्यात कुणीही भेटलं की काका त्याला थांबवून तो दाखवतात आणि प्रत्येक विनोद आधीच सांगून टाकतात. "आता बघा, हा घसरणार. स्वतःची बायको ओळखू येत नाही म्हणजे काय, यार?"

गेल्या महिन्यात ते ऑफिसातून आले आणि आमच्या उघड्या दारातून सरळ आत शिरले. मोबाइलवरची नजर न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा टाक गं." मी चहा करून दिला. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "बिल्कुल मस्त. आज कुठे जमला तुला."

त्यांचा आवाज ऐकून खाली आलेल्या काकू दारातच उभ्या होत्या. त्या शांतपणे मला म्हणाल्या, "आता जेवायलाही तूच वाढ त्यांना."

तेव्हापासून घरचा चहा काकाच करतात. परवा मला म्हणाले, "हिला जमत नाही असं नाही हं. मलाच आवड आहे."