गोदाबाईंचं गोंदण

गोदाबाईंची नात आजीचा फोटो मागायला आली, म्हणून जुनी पेटी उघडली. फोटो धुवायच्या हायपोच्या आंबूस वासासरशी गुलमंडीवरचा माझा स्टुडिओ आठवला.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. बाया पहिल्यांदाच स्टुडिओची पायरी चढत होत्या. दौलताबादच्या गोदाबाई भारुडांसाठी पंचक्रोशीत गाजलेल्या; त्याही फोटो काढून घ्यायला आल्या. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मी त्यांचा चेहरा उजळ केला, कपाळावरचं गोंदणही घालवलं. तेव्हा यालाच कसब म्हणायचे.

फोटो पाहून त्या म्हणाल्या, "लई देखणी हाय बाई. पर ही मी नाय. माझ्या मायनं गोंदवलेलं कुठं गेलं?"

फोटो टेबलावरच ठेवून त्या निघून गेल्या. मला रागच आला होता.

आता पेटीत तोच फोटो निघाला; त्यांचा दुसरा फोटो कुणाकडंच नाही. नातीनं आजीला पाहिलेलं नाही. मी हे सगळं सांगितल्यावर तिनं विचारलं, "गोंदण कसं होतं, आजोबा?"

काढून दाखवायला मी पेन्सिल उचलली. काही केल्या आठवेना.